निखाऱ्यांजवळचा पेत्र



प्रमुख याजकाच्या वाड्यात निखाऱ्यांजवळ शेकत असताना पेत्राने प्रभूला तीनदा नाकारले. पुनरुत्थानानंतर तिबिर्य सरोवराच्या काठी प्रभूने त्याच्यासाठी पुन्हा निखारेच पेटवून ठेवले होते (योहान २१:९). तिथे प्रभूने खुलासा मागितला नाही, यापुढे चुकणार नाही अशी हमीही घेतली नाही. तीनदा विचारले ते फक्त प्रेमाविषयी, आणि आपली मेंढरे त्याच्या हाती सोपवली.

पेत्राचा स्वतःचा निर्धार कोंबडा आरवण्याआधीच मोडला होता. त्याला बळ मिळाले ते क्षमेतून.

तेच पाप पुन्हा पुन्हा घडते म्हणून आपल्यापैकी काहीजण पापनिवेदन टाळतात. पाप सुटेपर्यंत थांबू नका. ते सुटावे म्हणूनच प्रभूकडे या.