छातीने दगड धरणारा मासा

रविवारी मेसमध्ये मासे असले की आमच्या विंगमध्ये एक वाद ठरलेला. कोकणातली मंडळी ताटाकडे बघून नाक मुरडतात, "हे काय, चिलापी! याला काय चव?" आणि आम्ही घाटावरचे उजनीची बाजू लढवतो. अशाच एका रविवारी रूम पार्टनरने विचारले, "चिलापी तर आफ्रिकेतून आणलेली. मग तुमच्या भीमेचा स्वतःचा मासा कोणता, सांग की!"

मी म्हणालो, "एक आहे. पण तो मेसमध्ये कधीच येणार नाही. बोटाएवढा असतो, आणि समोर असला तरी दिसत नाही."

सगळे हसले. हा लेख म्हणजे त्या हसण्याला उशिरा दिलेले उत्तर. आणि तो मॅगझिनमध्ये का, तर या माशाचा संबंध फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरशी आहे, शिवाय आपण सिव्हिलवाले पुढे जे बांधणार आहोत त्याच्याशीही आहे.

ओळख

माझे गाव खेड तालुक्यात, भीमाशंकरच्या बाजूला. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत ओढ्यात खेकडे धरायचा आमचा उद्योग. धावत्या पाण्यातला दगड उचलला की कधीकधी दगडाचाच तुकडा हलल्यासारखा व्हायचा आणि सुळकन पुढच्या दगडाखाली जायचा. आजी म्हणायची, "त्याच्या मागं लागू नका, तो दगडाचा आहे." पुढे पुस्तके चाळताना त्याचे शास्त्रीय नाव कळले, ग्लिप्टोथोरॅक्स. ग्रीक भाषेत याचा अर्थ "कोरलेली छाती".

हा मार्जारमीन, म्हणजे शिंगाळा आणि मांगूर यांच्या मोठ्या गोतावळ्यातला. अंगावर खवले नाहीत, तोंडाभोवती मिशांच्या चार जोड्या. रंग तपकिरी, त्यावर गडद पट्टे किंवा डाग. एखादा मासा काचेच्या बरणीत ठेवला तर हे डाग उगीच काढल्यासारखे वाटतात. पण बेसॉल्टच्या गोट्यांवर, हलत्या पाण्याच्या उजेड-सावलीत त्याच डागांमुळे माशाची कड मोडते. डोळ्याला सलग आकार सापडत नाही, म्हणून मासा सापडत नाही. तो पाण्यातल्या किड्यांच्या अळ्या खातो, त्याही दगडांवरच मिळतात. एकूण काय, त्याचे घर, ताट आणि लपायची जागा एकच, ती म्हणजे वाहत्या पाण्यातला दगड.

थोडे गणित

आता प्रश्न असा, की ओढ्याच्या धारेत हा टिकतो कसा? आपल्या नेहमीच्या पद्धतीने आकडे धरून चालू.

मासा १० ग्रॅमचा. त्याची घनता पाण्याच्या १.०७ पट धरली, तर पाण्यात त्याचे वजन उरते जेमतेम ०.६५ ग्रॅम. समोरून दिसणारे क्षेत्रफळ १ चौरस सेंटिमीटर, ड्रॅग कोइफिशंट ०.२, पाण्याचा वेग सेकंदाला १ मीटर. ड्रॅगचे सूत्र सर्वांना पाठ आहे, त्यात आकडे टाका. उत्तर ०.०१ न्यूटन, म्हणजे साधारण १ ग्रॅम वजनाइतका जोर. हा जोर नुसत्या घर्षणाने पेलायचा, तर घर्षणाचा कोइफिशंट दीडच्या वर हवा. वेग दुप्पट झाला की ड्रॅग चौपट होतो, मग कोइफिशंट सहाच्या वर हवा. बुळबुळीत माशाने हे आणायचे कुठून? शिवाय पाठीवरून वेगाने जाणारे पाणी त्याला वर उचलू पाहते, ते वेगळेच.

निसर्गाने हा प्रश्न चार बाजूंनी सोडवला आहे.

पहिली गोष्ट, अंग चपटे. तळाला अगदी लागून पाण्याचा वेग कमी असतो, आपण त्याला बाउंड्री लेअर म्हणतो. जितके तळाला बिलगून राहावे, तितका मारा कमी.

दुसरी, पोहण्याची पिशवी लहान आणि हाडाच्या कवचात बंद. इतर अनेक माशांना ही हवेची पिशवी तरंगायला मदत करते. याला तरंगायचेच नाही.

तिसरी, छातीजवळचे रुंद पर. ते आडवे पसरले की वरून जाणारे पाणी माशाला खाली दाबते. विमानाच्या पंखाचे काम उलटे केले तर जे होईल ते.

चौथी आणि खरी गंमत छातीवर. दोन परांच्या मधल्या कातडीवर बारीक घड्या असतात, धोतराच्या निऱ्यांसारख्या. त्या घड्यांच्या कडांवर शिंगासारख्या कठीण द्रव्याचे सूक्ष्म काटे असतात. दगडाचा पृष्ठभाग आपल्याला गुळगुळीत वाटला तरी त्याला खाचा असतात, आणि हे काटे त्या खाचांत अडकतात. म्हणजे पकड चोखण्याची नसून अडकण्याची आहे. चोखणीची वाटी खडबडीत जागी हवा किंवा पाणी गळून सुटते. इथे उलट, दगड जितका खरखरीत तितकी पकड चांगली.

यात आणखी एक फायदा आहे. उजनीत अलीकडे जाळ्यात येणारा सकर मासा हा दक्षिण अमेरिकेतला. लोकांच्या काचेच्या टाक्यांमधून सुटून तो आपल्या पाण्यात आला. तोही मार्जारमीनच, पण तो तोंडाने चिकटतो. आपला मासा छातीने धरतो, म्हणून त्याचे तोंड खायला आणि श्वास घ्यायला पूर्ण मोकळे राहते.

तुर्कस्तानपासून जावापर्यंत

हे कुळ कुठवर पसरले आहे ते पाहिले की आपला ओढा एकदम मोठा वाटायला लागतो. पश्चिमेला तुर्कस्तान, इराक, इराणमधल्या टायग्रिस-युफ्रेटिसच्या नद्या, मध्ये हिमालयाचे प्रवाह, पूर्वेला चीनची यांगत्से, दक्षिणेला जावा बेट. एवढ्या पट्ट्यात ग्लिप्टोथोरॅक्सच्या शंभराहून जास्त प्रजाती आहेत. पश्चिमेकडची एक प्रजाती खुद्द लिनियसने १७६६ साली नोंदवली. कुळाला नाव दिले ते कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयात काम करणाऱ्या एडवर्ड ब्लिथने, १८६० साली.

आपल्या दख्खनची नोंद त्याही आधीची. कर्नल साइक्स हा कंपनी सरकारचा अधिकारी मुंबई इलाख्याची आकडेवारी गोळा करत दख्खनभर फिरला आणि १८३९ साली त्याने इथल्या माशांची वर्णने छापली. गड्याने एक चांगले काम केले. अनेक माशांना शास्त्रीय नाव देताना त्याने इथल्या लोकांच्या तोंडचीच नावे उचलली. शिंगाळ्याचे 'सीनघाला' झाले, आणि आपल्या या छोट्या माशाच्या एका प्रजातीचे 'लोनाह'. पुढे १९३८ साली सुंदरलाल होरा यांनी पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशाला 'पूनाएन्सिस' हे नाव दिले. मुळा-मुठा भीमेला मिळते आणि भीमेचे पाणी उजनीत येते. म्हणजे आपल्या हॉस्टेलच्या टाकीत चढणारे पाणी ज्या नद्यांचे, त्यातल्याच एका नदीवरून या माशाचे नाव पडले आहे!

होरांना एका कोड्याने पछाडले होते. धारेला चिकटून राहणारे असे मासे हिमालयाच्या पूर्वेकडे आणि त्यापलीकडे भरपूर, सह्याद्रीतही आहेत, मग मधल्या मैदानातून ते आले कसे? हा मासा संथ, गढूळ पाण्यात लांबचा प्रवास करणारा नव्हे. होरांनी उत्तर सुचवले, की एके काळी विंध्य-सातपुड्याची रांग हा त्यांचा पूल होता. डोंगरमाथ्यावर एक नदी दुसरीचा उगमाकडचा प्रवाह आपल्याकडे ओढून घेते, भूगोलात याला नदीचौर्य म्हणतात. अशा चोरीबरोबर मासेही या खोऱ्यातून त्या खोऱ्यात गेले असावेत. हेच 'सातपुडा गृहीतक'. १९४९ साली यावर खास परिसंवाद झाला. आज डीएनएवरून नाती तपासतात, आणि सगळ्याच प्रजातींना हे गृहीतक लागू पडते असे आता मानत नाहीत. पण होरांनी मांडलेला प्रश्न अजून पक्का आहे. मासा नकाशावरच्या प्रदेशात राहत नाही, तो पाण्याच्या विशिष्ट वेगात राहतो.

डोह आणि खळाळ

मला सांगायचे आहे ते इथेच. नकाशावर आपण तुर्कस्तान ते जावा एकच रंग भरतो. प्रत्यक्षात तो रंग ठिपक्या-ठिपक्यांचा आहे. नदीत डोह असतात आणि दोन डोहांच्या मध्ये खळाळ असतो, गोट्यांवरून उड्या मारत जाणारे गुडघाभर पाणी. ग्लिप्टोथोरॅक्सचे राज्य त्या खळाळापुरते. भीमा ८६१ किलोमीटर लांब आहे, पण उजनीच्या फुगवट्यात किंवा पंढरपूरच्या संथ पात्रात त्याला शोधण्यात अर्थ नाही.

मी सातवीत असताना आमच्या ओढ्यावर कोल्हापूर पद्धतीचा बंधारा झाला. गावाने पेढे वाटले, मीही खाल्ले. पावसाळा संपला की बर्गे टाकायचे, पाणी अडायचे. उन्हाळ्यात विहिरींना पाणी राहिले, आईची डोक्यावरची एक खेप कमी झाली. हे मी कधीच विसरणार नाही. पण ज्या खळाळात आम्ही दगड उलटे करायचो, तो फुगवट्याखाली गेला. दगडांवर गाळ बसला. काटे अडकायला खाच नाही, खायला अळी नाही, धरून राहायला धारही नाही. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला तो मासा मला पुन्हा दिसला नाही. कुणी त्याला मारले नव्हते. त्याचा वेग तेवढा आम्ही काढून घेतला होता.

गेल्या सेमिस्टरला आमच्या ग्रुपला सर्व्हेचे काम होते, नाल्यावर बंधाऱ्याची जागा निवडायची. लेव्हल घेतल्या, क्रॉस सेक्शन काढले. पात्राच्या वर्णनाच्या रकान्यात मी सवयीने लिहिले, "दगडगोटे, निरुपयोगी". संध्याकाळी रूमवर रिपोर्ट फेअर करताना पेन तिथेच अडले. आजीचे वाक्य आठवले.

बंधारे बांधू नका असे मी म्हणत नाही. सोलापुरात नळाला किती दिवसांनी पाणी येते हे हॉस्टेलवाल्यांना सांगायला नको. ज्याच्या घरी टँकर येतो त्याला माशाची गोष्ट ऐकवणे सोपे नाही. पण बांधायचेच आहे तर काही गोष्टी आपल्या हातात असतात. सर्व्हे करताना डोहांसारखे खळाळही नकाशावर दाखवावेत. एकापाठोपाठ एक बंधारे घेताना आधीच्याचा फुगवटा पुढच्याच्या पायथ्याला भिडू न देता मधला एखादा तुकडा वाहता ठेवावा. छोट्या बांधाला उभी भिंत देण्याऐवजी खालच्या अंगाला दगडांचा उतार देता येतो का, ते पाहावे. आणि पात्रातले गोटे फुकटचे खडीसामान समजून उचलू नयेत. यातल्या पहिल्या कामाला तर जास्तीचा एक रुपयाही लागत नाही, फक्त पाहावे लागते.

रिपोर्टमधला "निरुपयोगी" हा शब्द मी खोडला आणि लिहिले, "दगडगोटे, धावते पाणी, लांबी सुमारे ४० मीटर." तपासताना सरांनी विचारले, "हे कशाला मोजलंस?" मी सगळी गोष्ट सांगितली. सर थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "असू दे. राहू दे ते."

रूम पार्टनरला एवढेच सांगतो, दिवाळीला माझ्या गावाला चल. बंधाऱ्याच्या खूप वर, देवराईजवळ एक खळाळ अजून शिल्लक आहे. तिथे दगड उचलून बघू. मात्र उचललेला दगड होता तसाच परत ठेवायचा. कुणाच्या तरी घराचं छप्पर असतं ते.