स्वयंचलित आपत्कालीन ब्रेक : तंत्र, नियम आणि आपले रस्ते

तंजावरहून कुंभकोणमकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर, स्वामीमलैच्या अलीकडे तिरुवलंचुळी हे गाव आहे. कावेरीचा प्रवाह येथे उजवीकडे वळतो, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. श्वेत विनायकाच्या मंदिरामुळे भाविकांची येथे सतत ये-जा असते. मराठी वाचकाला हा परिसर परका नाही, कारण १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी स्थापिलेले तंजावरचे भोसले राज्य याच भूमीवर नांदले. मात्र येथे या गावाचा उल्लेख वेगळ्या कारणासाठी केला आहे. कावेरीच्या खोऱ्यातील अशा गावांतून जाणाऱ्या रस्त्यावर बस, मालमोटार, मोटारसायकल, सायकल आणि देवदर्शनास निघालेला पादचारी हे सर्व एकाच पट्टीत चालतात. मोटारीने स्वतःहून ब्रेक लावावा, या कल्पनेची खरी परीक्षा द्रुतगती मार्गावर होत नाही. ती अशा रस्त्यावर होते.

प्रथम गणित पाहू. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर. समोर अडथळा दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सर्वसाधारण चालकाला दीड सेकंद लागतो असे धरले, तर तेवढ्या वेळात वाहन २५ मीटर पुढे गेलेले असते. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर दर सेकंदाला ७ मीटर प्रतिसेकंद या दराने वेग घटला, तर थांबण्यास आणखी सुमारे २० मीटर लागतात. एकूण अंतर ४५ मीटर. पावसात हा दर ४ वर आला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर सुमारे ३५ मीटर व एकूण अंतर ६० मीटर होते. कोरड्या रस्त्यावर एकूण अंतरापैकी निम्म्याहून अधिक भाग ब्रेक लागण्यापूर्वीच संपतो, हे येथे ध्यानात घ्यावे. चालक भ्रमणध्वनीकडे पाहत असेल किंवा डुलकी घेत असेल, तर या भागाला मर्यादाच राहत नाही. स्वयंचलित ब्रेक प्रणाली नेमका हाच भाग कमी करते.

या प्रणालीचे डोळे दोन प्रकारचे असतात. पुढील बाजूस बसविलेले रडार सामान्यतः ७७ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी सोडते. परावर्तित लहरींवरून अंतर कळते आणि डॉप्लर परिणामावरून सापेक्ष वेग कळतो. काचेमागील कॅमेरा समोरची वस्तू मोटार आहे, मनुष्य आहे की सायकल आहे हे ओळखतो. मग संगणक अंतराला सापेक्ष वेगाने भागतो. पुढील वाहन ताशी २० ने आणि आपण ६० ने जात असू व मध्ये ३० मीटर अंतर असेल, तर सापेक्ष वेग सेकंदाला ११.१ मीटर, म्हणजे टक्करीस सुमारे २.७ सेकंद उरले. हा काळ ठरावीक मर्यादेखाली आला की आधी ध्वनी व दिव्याने सूचना मिळते, नंतर अनेक प्रणालींत अंशतः ब्रेक लागतो आणि चालक तरीही स्वस्थ राहिला तर पूर्ण ब्रेक लागतो. चाके जागीच अडकून घसरू नयेत यासाठी एबीएस असणे ही या सर्वांची पूर्वअट होय. टक्कर टळली नाही तरी लाभ होतोच. वेग ६० वरून ३० वर आला, तर गतिज ऊर्जा एकचतुर्थांश उरते.

होंडाने २००३ मध्ये जपानमध्ये अशी प्रणाली मोटारीत आणली. व्होल्व्होने २००८ मध्ये शहरी वेगासाठीची प्रणाली प्रमाणित साधन म्हणून दिली. पुढे प्रवासी मोटारींसाठी संयुक्त राष्ट्रांचा विनियम क्रमांक १५२ तयार झाला व २०२० मध्ये तो अंमलात आला. युरोपीय संघाने जुलै २०२२ पासून नव्या प्रकारच्या मोटारींस आणि जुलै २०२४ पासून सर्व नव्या मोटारींस ही प्रणाली बंधनकारक केली. भारतात २०२० पूर्वीच ती काही महागड्या गाड्यांत आणि २०२१ च्या सुमारास मध्यम किमतीच्या गाड्यांत येऊ लागली.

नियमांची चौकट परीक्षार्थींनी नीट समजून घ्यावी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११० अन्वये वाहनांची रचना व साधने यांविषयी नियम करण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे. त्यानुसार १९८९ चे केंद्रीय मोटार वाहन नियम आहेत. तांत्रिक मानके वाहन उद्योग मानक समितीत ठरतात. या समितीचे सचिवालय पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या १९६६ साली स्थापन झालेल्या संस्थेत आहे. आपत्कालीन ब्रेक प्रणालीचे मानक एआयएस-१६२ होय. मार्च २०२५ मध्ये रस्ते वाहतूक मंत्रालयाने काढलेल्या मसुदा अधिसूचनेत आठहून अधिक प्रवासी नेणारी वाहने आणि साडेतीन टनांवरील मालवाहू वाहने यांना ही प्रणाली, चालकाच्या झोपेची सूचना आणि पट्टी सोडल्याची सूचना यांसह लागू करण्याचा प्रस्ताव होता. नव्या मॉडेलांसाठी एप्रिल २०२६ व चालू मॉडेलांसाठी ऑक्टोबर २०२६ अशा तारखा त्यात सुचविल्या होत्या. मसुदा म्हणजे नियम नव्हे, त्यावर हरकती व सूचना मागविल्या जातात. हा फरक उत्तरपत्रिकेत हमखास निसटतो. ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेला भारत एनसीएपी हा तारांकन कार्यक्रम ऐच्छिक असून त्याचा मुख्य भर टक्कर झाल्यावर प्रवाशांच्या रक्षणावर आहे.

प्रारंभ मोठ्या वाहनांपासून करण्याचा विचार प्रस्तुत लेखकास योग्य वाटतो. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती दगावल्या. त्यांत दुचाकीस्वार सुमारे ४४ टक्के आणि पादचारी सुमारे १९ टक्के होते. अपघातांच्या प्रकारांत मागून दिलेल्या धडकेचा वाटा सुमारे एकपंचमांश होता. म्हणजे ही प्रणाली जिच्या गाडीत बसते ती व्यक्ती बहुधा मरणाऱ्यांत नसते. मरणारा गाडीसमोर असतो. जड वाहनाची धडक त्याला सर्वांत घातक ठरते.

तरी अडचणी लहान नाहीत. दोन हात अंतर ठेवून चालण्याची सवय नसलेल्या रांगेत पुढची मोटार अचानक थांबली, तर मागचा ट्रक तिच्यावर आदळण्याचा धोका असतो. मागच्याकडेही प्रणाली असेल तरच साखळी सुरक्षित राहते. वाजवीपेक्षा अधिक माल भरलेल्या ट्रकचे थांबण्याचे अंतर संगणकाने गृहीत धरलेल्या अंतराहून जास्त असू शकते. रडारच्या आवरणावर चिखल बसला, मावळतीचा सूर्य कॅमेऱ्यात आला किंवा मुसळधार पाऊस लागला की दृष्टी मंदावते. बाजूने अकस्मात आडवी येणारी दुचाकी, अंधारात रस्त्यात बसलेली म्हैस, दिवा नसलेली बैलगाडी ही दृश्ये ओळखण्यासाठी संगणकाला आपल्याच रस्त्यांवरील चित्रांचा सराव द्यावा लागतो. युरोपातील रस्त्यांवर ती दिसत नाहीत. खोट्या इशाऱ्यांना कंटाळून चालकाने प्रणाली बंद ठेवली, तर उपकरण असून नसल्यासारखे होते. म्हणून चाचणीच्या पटावर मऊ पुतळा आणि रिकामा रस्ता यांबरोबरच तिरुवलंचुळीसारख्या गावातील संध्याकाळच्या गर्दीची नक्कलही असावी, आणि ती पावसाळ्यातही व्हावी.