घरातील वेल आणि त्यांचे आधार

शहरातील पुष्कळ बिऱ्हाडांना आता अंगण उरलेले नाही. तथापि हिरव्या पानांची आवड मनुष्यास सोडीत नाही. म्हणून खिडकीच्या कट्ट्यावर, जिन्याच्या वळणावर अथवा बैठकीच्या कोपऱ्यात एखादी कुंडी ठेवलेली असते आणि तीत बहुधा वेलच असतो. मनी प्लांट ठाऊक नाही असे घर तर विरळाच. हा वेल कपाटावरून लोंबत लोंबत जमिनीस टेकला, म्हणजे घरच्या मंडळींस मोठे समाधान वाटते. परंतु जवळ जाऊन पाहावे तो निराळाच प्रकार आढळतो. कांडी लांबलेली, पाने तुरळक, आणि शेंड्याकडील पाने बुंध्याजवळच्या पानांहून लहान! वेल लांब झाला खरा. पण वाढला असे म्हणवत नाही. लांबी आणि वाढ ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, व त्यांतील अंतर बहुतांशी आधारामुळे पडते, हेच या लेखात आम्हांस वाचकांपुढे मांडावयाचे आहे.

प्रथम वेल म्हणजे काय, याचा विचार करू. वृक्ष आपली पुष्कळशी शक्ती खोड जाड व कठीण करण्यात खर्च करतो. कारण त्यास स्वतःच्या बळावर उभे राहावयाचे असते. वेल हा खर्च वाचवितो. दुसऱ्याच्या खोडाचा आश्रय घेऊन तो थोडक्या लाकडावर उंच चढतो आणि दाट रानात जो प्रकाश भूमीवर क्वचितच पोहोचतो, तो वर जाऊन गाठतो. अर्थात आधार ही वेलाची शोभा नव्हे. त्याच्या जीवनक्रमाचा तो एक भागच होय. मनी प्लांट, ज्यास वनस्पतिशास्त्रात एपिप्रेम्नम ऑरियम म्हणतात, तो मूळचा प्रशांत महासागरातील मोऊरेआ बेटाचा. कुंडीत त्याची पाने तळहाताएवढी असतात. तोच वेल कोकणात किंवा गोव्यात एखाद्या माडावर अगर जुन्या झाडावर चढलेला पाहावा. तेथे त्याची पाने हातभर लांब होतात आणि त्यांच्या कडा फाटल्यासारख्या दिसतात. तो वेल वेगळ्या जातीचा आहे, असे पाहणारास वाटते. पण जात तीच. कुंडीतील वेल बाल्यावस्थेत राहिला आहे आणि झाडावरील वेल प्रौढ झाला आहे, एवढाच भेद.

आमच्या शेतकऱ्यांस व बागाईतदारांस ही गोष्ट अनुभवाने फार दिवसांपासून ठाऊक आहे. कोकणातील सुपारीच्या बागांत मिरीचा वेल पोफळीवर चढवितात. मिरीचे जे फाटे जमिनीवर सरपटत जातात, त्यांस घोस लागत नाहीत. आधारास चिकटून वर गेलेल्या वेलास आडव्या फांद्या फुटतात आणि त्यांवरच मिरी धरते. पानमळ्यात नागवेलीसाठी शेवरी, शेवगा, पांगारा अशी झाडे आधी लावून मग त्यांवर वेल बांधून चढवितात. ज्या न्यायाने मिरी पिकते व विड्याची पाने मिळतात, तोच न्याय आपल्या बैठकीतील कुंडीसही लागू आहे.

मात्र सर्व वेल एकाच रीतीने चढत नाहीत. या विषयाचा सूक्ष्म अभ्यास चार्ल्स डार्विन यांनी केला. अमेरिकेतील वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांचा 1858 सालचा एक लहानसा निबंध वाचून त्यांचे लक्ष इकडे वळले. 1865 साली त्यांनी आपला प्रबंध प्रसिद्ध केला आणि 1875 साली तो ग्रंथरूपाने निघाला. त्यातील एक हकीकत विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. डार्विन आजारी असल्यामुळे त्यांस रात्रंदिवस खोलीतच राहावे लागत असे. त्या उबदार खोलीत त्यांनी हॉप नावाच्या वेलाची एक कुंडी ठेवून घेतली आणि त्याचा शेंडा कसा हलतो याचे टिपण ठेवले. तेव्हा असे दिसून आले की, कोवळा शेंडा स्वस्थ नसतो. घड्याळाच्या काट्याप्रमाणे तो चोहोंकडे फिरत असतो, आणि उष्ण हवेत दिवसा त्याचा एक फेरा सरासरीने 2 तास 8 मिनिटांत पुरा होतो. वेल जणू अंधारात हात फिरवून आधार चाचपीत असतो. रोगशय्येजवळच्या एका कुंडीने एवढे ज्ञान दिले, हे पाहून ‘आमच्याजवळ साधने नाहीत’ अशी तक्रार करण्यास आपणांस जागा उरत नाही.

डार्विन यांनी चढणाऱ्या वनस्पतींचे चार वर्ग केले आहेत. पहिला वर्ग आधाराभोवती वळसे घालीत चढणाऱ्यांचा. गोकर्ण आणि घरात लावला जाणारा मेणासारख्या फुलांचा होया हे यात येतात. दुसरा वर्ग स्पर्शाने वाकणाऱ्या अवयवांनी पकडणाऱ्यांचा. काहींचे देठच आधारास वेढतात. द्राक्षवेल, कारली, कृष्णकमळ यांस तणावे, म्हणजे दोऱ्यासारखे अवयव असतात. कृष्णकमळाच्या एका जातीचा तणावा स्पर्शानंतर सुमारे अर्ध्या मिनिटात वाकू लागतो, असे डार्विन यांस आढळले. तिसरा वर्ग काट्यांनी किंवा आकड्यांनी अडकून राहणाऱ्यांचा. चौथा मुळांनी चिकटणाऱ्यांचा. मनी प्लांट, फिलोडेंड्रॉन, मॉन्स्टेरा, आयव्ही, तशीच मिरी व नागवेल ही सारी या वर्गातील होत.

यावरून पहिला नियम निघतो: आधार देण्यापूर्वी वेलाचे निरीक्षण करावे. वळसे घेणाऱ्या वेलास बोटापेक्षा बारीक काठी, तार किंवा ताणलेली दोरी पुरते. होया आधाराभोवती ज्या दिशेने वळतो, त्याच दिशेने त्यास गुंडाळावे. उलट वळविल्यास तो सुटून येतो. त्याच्या लांब, पर्णहीन शेंड्या निरुपयोगी समजून छाटू नयेत. त्या आधार शोधीत असतात. फुले गळून गेल्यावर उरलेला फुलांचा दांडाही तोडू नये, कारण पुढील खेपेस त्यावरच पुन्हा फुले येतात. तणाव्यांच्या वेलास जाड खांब दिला तर त्यास तो पकडता येत नाही. त्यास जाळी किंवा सुतळी द्यावी. आणि मुळांनी चिकटणाऱ्या वेलास गुळगुळीत लोखंडी सळई देणे म्हणजे भुकेल्यापुढे रिकामे ताट मांडणे होय. त्यास खरखरीत व ओलसर पृष्ठभाग हवा.

असा आधार घरी तयार करणे मुळीच कठीण नाही. कुंडीच्या उंचीहून सुमारे दोन-तीन फूट अधिक लांबीचा, अंगठ्याएवढा जाड बांबू घ्यावा. मातीत जाणारा भाग सोडून बाकीच्या बांबूवर काथ्याचा थर द्यावा आणि त्यावर सुंभ घट्ट गुंडाळून दोन्ही टोकांस गाठ मारावी. कुंडी बदलतेवेळीच हा दांडा तळापर्यंत बसवून मग भोवती माती भरावी. भरल्या कुंडीत दांडा खुपसल्यास मुळे तुटतात. कुंडी मातीची, जड आणि तळास छिद्र असलेली असावी, नाहीतर वेल वाढल्यावर ती कलंडते.

आता बांधण्याची रीत. वेलाच्या प्रत्येक पेरापाशी तपकिरी रंगाचे लहान कोंब दिसतात. तीच त्याची हवाई मुळे. ज्या अंगास ही मुळे असतील ते अंग दांड्याकडे करून पेर दांड्यास टेकवावे आणि मऊ चिंधीने किंवा सुताने इंग्रजी आठाच्या आकड्याप्रमाणे सैल फास घालून बांधावे. फास आणि खोड यांमध्ये करंगळी सहज जावी. बंधन पेरावर असावे, पानाच्या देठावर कधीही नसावे. कारण पानास प्रकाशाकडे वळण्याची मोकळीक लागते. मुळांनी चढणारा वेल दांड्याभोवती नागमोडी गुंडाळू नये, सरळ वर न्यावा, म्हणजे प्रत्येक पेर आधारास लागते. काथ्यावर वरून थोडे थोडे पाणी सोडून तो ओलसर ठेवावा. ओलावा मिळाला म्हणजे मुळे काथ्यात शिरतात, आणि त्यानंतर आपण घातलेले फास सोडून टाकता येतात. वेल दांड्याच्या वर गेला तर शेंडा दोन-तीन पेरांसह कापून त्याच कुंडीत बुडाशी लावावा.

कुंडी कोठे ठेवावी, हेही महत्त्वाचे आहे. पाने प्रकाशाकडे वळतात. मुळे काळोख्या बाजूस जातात. म्हणून खिडकीकडे वेल आणि खोलीकडे दांडा अशी मांडणी करावी. याच संबंधात एक नवलाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. स्ट्राँग व रे या शास्त्रज्ञांनी 1975 साली दाखवून दिले की, मॉन्स्टेराच्या एका जातीचे रोपटे रानात उजेडाकडे न जाता प्रथम अंधाराकडे सरपटत जाते. कारण रानातील सर्वांत गडद छाया म्हणजे मोठ्या झाडाचा बुंधा. आधार सापडला म्हणजे मग ते प्रकाशाकडे चढू लागते. प्रकाशाचा मार्ग आधी आधाराकडून जातो, हे त्या मुक्या रोपट्यास कळते!

ज्यांचा वेल कित्येक वर्षे लोंबत आहे, त्यांनी तो ओढूनताणून दांड्यास जखडू नये. जून खोड वाकविताना मोडते, आणि त्याची सुकलेली मुळे सहसा नव्याने चिकटत नाहीत. त्यापेक्षा त्याच वेलाचे एकेक पेर असलेले तुकडे करून दांड्याच्या पायथ्याशी लावावे. त्यांतून फुटणारा नवा शेंडा पहिल्या दिवसापासून आधार ओळखतो. पानांचा आकार एका महिन्यात बदलत नाही. प्रत्येक नवे पान मागच्याहून किंचित मोठे येत जाते. येथे उतावीळ उपयोगी नाही.

दोन सूचना मात्र अवश्य पाळाव्या. मनी प्लांट, फिलोडेंड्रॉन व मॉन्स्टेरा यांच्या पानांत व खोडांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. ते चावल्यास तोंडाची व घशाची आग होते व सूज येते. म्हणून लहान मुले, मांजरे व कुत्री यांच्या तोंडी ही पाने येणार नाहीत अशी खबरदारी घ्यावी. तसेच मनी प्लांट पाण्याच्या बाटलीत ठेवण्याची चाल आहे. ते पाणी दर आठवड्यास बदलून बाटली घासावी, नाहीतर डेंग्यूचा प्रसार करणारे डास तीत अंडी घालतात.

विद्यार्थ्यांनी हा पाठ नुसता वाचून ठेवू नये, करून पाहावा. एकाच वेलाचे दोन सारखे तुकडे घेऊन सारख्या कुंड्यांत लावावे. एकास काथ्याचा दांडा द्यावा, दुसरा मोकळा लोंबू द्यावा. पाणी व प्रकाश दोघांस सारखा. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस नव्या पानाची लांबी, रुंदी आणि दोन पेरांतील अंतर मोजून वहीत तारखेसह लिहावे. वर्षाअखेर दोन्ही ओळी शेजारी मांडल्या म्हणजे आमचे म्हणणे खरे की खोटे, याचा निवाडा ज्याचा त्यास करता येईल. गोकर्णीच्या वेलावर डार्विन यांचा प्रयोगही होऊ शकतो: शेंडा कोणत्या दिशेस आहे, हे दर पाव तासाने कागदावर टिंब देऊन टिपावे आणि टिंबे जोडून पाहावी.

शेवटी पालकांस एक शब्द. मोकळा सोडलेला वेल स्वतंत्र दिसतो. परंतु तो आपल्या जातीच्या पूर्ण वाढीस पोहोचत नाही. उलटपक्षी घट्ट आवळलेल्या वेलाच्या खोडास फास काचतो. माळी या दोहोंच्या मधून वाट काढतो: वेल कोणत्या जातीचा आहे हे आधी पाहतो, त्यास मानवेल असा आधार वेळेवर देतो, बंधन सैल ठेवतो, आणि वेलाने आपल्या मुळांनी आधार धरला की ते बंधन स्वतःच्या हाताने सोडतो. मुले वाढविणारांस यातून काही घेण्यासारखे आहे की नाही, हे आम्ही त्यांच्यावरच सोपवितो. निदान एक कुंडी, एक बांबू आणि हातभर सुंभ एवढे साहित्य या सुटीत घरी आणावे व मुलांच्या हाती द्यावे, एवढीच विनंती.