मे, दिवाळी आणि मारा नदी

प्रश्न : आम्ही पाच जण (मी, पत्नी, नववी आणि सहावीतली दोन मुलं, अडुसष्ट वर्षांची आई) आफ्रिकेत सफारीला जायचं म्हणतोय. ताडोबा आणि कान्हा झालंय. विल्डबीस्टचे कळप नदी ओलांडतात ते मुलांना पाहायचंय. शाळेमुळे मे किंवा दिवाळी, दोनच पर्याय. एका टूर कंपनीने आठ दिवसांत अंबोसेली, नैवाशा, नाकुरू, मसाई मारा आणि नैरोबी असा कार्यक्रम दिला आहे. दुसऱ्या कंपनीचा तोच कार्यक्रम जवळजवळ दुप्पट महाग आहे. हा फरक कशाचा? आई शुद्ध शाकाहारी आहे.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी मुलांची निराशा करून टाकतो. मे महिन्यात मारा नदीवर विल्डबीस्टचे ते कळप नसतात.

तेरा-चौदा लाख विल्डबीस्ट आणि त्यांच्यासोबत लाखोंनी झेब्रे व गझेल वर्षभर एक मोठी प्रदक्षिणा घालत असतात, आणि तिचा बहुतेक भाग केनियात नसून टांझानियात आहे. जानेवारी ते मार्च कळप सेरेनगेटीच्या दक्षिणेला, न्दुटूच्या परिसरात असतात. तिथली जमीन ज्वालामुखीच्या राखेची आहे. गवत आखूड, पण खनिजांनी भरलेलं, म्हणजे दुभत्या माद्यांना नेमकं हवं तसं. फेब्रुवारीच्या आसपास थोड्याच आठवड्यांत लाखो पिल्लं जन्माला येतात. मोठा पाऊस संपून तिथलं पाणी आटलं की कळप वायव्येकडे सरकतात, मे-जूनमध्ये ग्रुमेती नदीच्या बाजूला असतात आणि जुलैच्या सुमारास मारा नदीवर पोचतात. ऑक्टोबरपर्यंत नदीच्या अल्याड-पल्याड त्यांचं येणं-जाणं चालू राहतं. नोव्हेंबरचा छोटा पाऊस सुरू झाला की पुन्हा दक्षिण.

म्हणून दिवाळीचं उत्तर पंचांगावर अवलंबून आहे. लक्ष्मीपूजन ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आलं तर नदीवर काही दिसायची शक्यता आहे, नोव्हेंबरमध्ये गेलं तर ती आशा सोडा. एप्रिल आणि मेचा पूर्वार्ध मोठ्या पावसाचा. काळ्या मातीत गाड्या रुततात, काही कॅम्प तर बंदच ठेवतात.

तुमच्या दोन पर्यायांत मी तिसरा घालतो : जूनचे पहिले दोन आठवडे. राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात. पाऊस ओसरलेला, कुरणं हिरवी, गर्दी बेताची. सिंह, हत्ती, जिराफ, चित्ते, तरस हे सगळे माराचे बारमाही रहिवासी आहेत, ते विल्डबीस्टच्या मागे केनिया सोडून जात नाहीत. शिवाय एक रोकडा फायदा आहे. 2024 पासून मसाई मारा राखीव क्षेत्राचं प्रवेशशुल्क परदेशी प्रौढाला जानेवारी ते जून रोज 100 डॉलर आणि जुलै ते डिसेंबर रोज 200 डॉलर आहे. तीन प्रौढांना चार दिवसांचे जूनमध्ये 1200 डॉलर होतात, दिवाळीत 2400. मुलांचं शुल्क कमी, पण आहे. दर बदलत राहतात, तेव्हा पैसे भरण्याआधी ताजा आकडा विचारून घ्या.

आणि नदीच पाहायची असेल, तर सरळ पंधरा ऑगस्टला जोडून शाळेची रजा काढा. ऑगस्ट-सप्टेंबरची खात्री त्यातल्या त्यात जास्त. (गणपती त्याच दिवसांत येतात, ते घरात आधी मिटवून घ्या.) पण मुलांना हेही सांगा, की टीव्हीवर दोन मिनिटांत दिसतं ते काठावर तासन्‌तास ताटकळून मिळतं. हजारो जनावरं उताराशी येतात, पुढची थबकतात, मागची ढकलतात, आणि एखादा झेब्रा बिचकला की सगळा जमाव माघारी. कधी संध्याकाळपर्यंत कोणी पाण्यात पाय घालत नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही नाश्ता करत असताना ओलांडून मोकळे. मगरींची दहशत सगळ्यांना ठाऊक आहे, पण मगरींपेक्षा बुडून आणि चेंगरून मरणारी जनावरं कितीतरी जास्त. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वर्षाला सरासरी 6250 विल्डबीस्ट मारा नदीत बुडतात असा हिशोब आला. ती कलेवरं गिधाडं आणि मासे खातात, आणि हाडं पुढे काही वर्षं नदीला फॉस्फरस पुरवत राहतात. माझ्या मते हा भाग मुलांना निघण्याआधीच सांगावा, तिथे गेल्यावर नव्हे.

आता कार्यक्रम. तो छापायला छान आहे, बसायला नाही. नैरोबी ते अंबोसेली चार-पाच तास, अंबोसेली ते नैवाशा जवळजवळ दिवस, तिथून मारा पाच-सहा तास. आठातले तीन दिवस तुम्ही महामार्गावरचे ट्रक पाहणार. नवख्या माणसाला वाटतं, जास्त उद्यानं म्हणजे जास्त प्राणी. ताडोबाला जाऊन आलेल्यांनी असं वाटून घेऊ नये. एकाच परिसरात तिसऱ्या सकाळी ड्रायव्हर-गाइडला माहीत असतं की कालच्या सिंहिणींनी कुठे शिकार केली आणि चित्त्याची मादी पिल्लांना घेऊन कोणत्या टेकाडाकडे गेली. सफारीची खरी मजा तिथून सुरू होते, आणि तुमच्या कार्यक्रमात नेमकं तेव्हाच सामान बांधायचं आहे.

मी नाकुरू काढून टाकीन. तिथे मुख्यतः गेंड्यांसाठी जातात, आणि गेंडे नैरोबी राष्ट्रीय उद्यानातही आहेत. 117 चौरस किलोमीटरचं हे उद्यान शहराला इतकं चिकटून आहे की जिराफामागे इमारती दिसतात. परतीच्या दिवशी सकाळी उरकतं. अंबोसेलीचे हत्ती आणि मागचा किलिमांजारो यांच्यावर जीव असेल तर ठेवा, पण डोंगर बहुधा पहाटेच दिसतो, नंतर ढगांत जातो, म्हणून तिथे दोन रात्री हव्यात. नाहीतर नैवाशा एक रात्र (सरोवरात होडी, पाणघोडे, आईला विश्रांती) आणि मारा चार रात्री. मुलं त्याच त्याच जागेला कंटाळतील ही भीती मोठ्यांना असते, मुलांना नसते.

दराच्या फरकाचं म्हणाल, तर दोन्ही कंपन्यांना चार गोष्टी लेखी विचारा, फरक आपोआप उलगडेल. प्रवेशशुल्क धरलंय का, आणि किती दिवसांचं? माराचं तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा चालतं. आत मुक्काम असेल तर शेवटच्या दिवशी दहाच्या आत बाहेर पडावं लागतं, नाहीतर आणखी एका दिवसाचे पैसे. दुसरं, गाडी छत उघडणारी लँडक्रूझर आहे की मिनीव्हॅन, आणि ती फक्त तुमची की अनोळखी लोकांसोबत? पाच जणांना लँडक्रूझर नेमकी पुरते, प्रत्येकाला खिडकी. तिसरं, कॅम्प कुठे? सेकेनानी दरवाजाबाहेर बरीच स्वस्त हॉटेलं आहेत, पण नदी पश्चिमेला, रोजचा एकेक तास खड्ड्यांत जातो. चौथं, राखीव क्षेत्र की कन्झर्व्हन्सी? माराच्या उत्तरेला आणि पूर्वेला मसाई कुटुंबांनी आपल्या जमिनी भाड्याने देऊन उभी केलेली मारा नॉर्थ, नाबोइशो, ओलारे मोतोरोगी अशी क्षेत्रं आहेत. तिथे गाड्या मोजक्या, आणि रात्रीची सफारी, गाइडबरोबर पायी फिरणं चालतं. राखीव क्षेत्रात रात्रीची सफारी नाही. महाग पडतं, पण भाडं जमिनीच्या मालकांना जातं. सगळं शक्य नसेल तर निदान दोन रात्री तिथे काढा.

“माराला जातोच आहोत तर सेरेनगेटीही करू” असं कोणी सुचवेल. नकाशावर दोन्ही एकच माळ आहे, जनावरं रोज ये-जा करतात. पर्यटकांना मात्र मधली सँड नदीवरची वाट 1977 पासून बंद आहे. इसेबानिया किंवा नामांगा इथल्या सीमानाक्यावरून वळसा घालून जायचं, सीमेवर सहसा गाडीही बदलायची, वर टांझानियाचा वेगळा व्हिसा. आठ दिवसांत तो उद्योग करू नका.

आईंच्या जेवणाची काळजी मनातून काढून टाका. शंभराहून अधिक वर्षं तिथे गुजराती आणि पंजाबी कुटुंबं आहेत, चपाती आणि चहा केनियाच्या रोजच्या जेवणात मुरलेत, आणि माराच्या कॅम्पांना जैन जेवणसुद्धा नवीन नाही. बुकिंगच्या वेळी लिहून कळवा म्हणजे झालं. अडचण वेगळीच आहे. केनियात 2017 पासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर कडक बंदी आहे. चकली-चिवडा डब्यांत न्या, सामानातल्या कॅरीबॅग घरीच काढून ठेवा.

आईंच्या बाबतीत खरा विषय लसीचा आहे आणि तो सगळ्यात आधी घ्या, तिकिटांच्याही आधी. केनियाहून परतणाऱ्याकडे पीतज्वराच्या, म्हणजे यलो फीवरच्या, लसीचं प्रमाणपत्र भारत मागतो. नसलं तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रावरच मिळते, प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं आणि मग आयुष्यभर चालतं. पण ही जिवंत विषाणूंची लस आहे आणि साठीनंतर दुष्परिणामांचा धोका वाढतो, म्हणून आईंच्या डॉक्टरांशी बोला. ते नको म्हणाले तर जबरदस्ती करू नका, देश बदला. दक्षिण आफ्रिका पीतज्वराच्या यादीत नाही. दुबई किंवा दोहामार्गे जोहान्सबर्ग, तिथून क्रूगर राष्ट्रीय उद्यान. मुख्य रस्ते डांबरी, त्यामुळे आईंच्या कमरेला सुख. मारातल्या रस्त्यांच्या हादऱ्यांना ड्रायव्हर थट्टेने ‘आफ्रिकन मसाज’ म्हणतात, अडुसष्टाव्या वर्षी ती थट्टा दिवसभर सोसवत नाही. केनियालाच जायचं ठरलं तर निदान परतीला माराच्या धावपट्टीवरून नैरोबीच्या विल्सन विमानतळावर छोट्या विमानाने या, पाऊण-एक तासात पोचाल. त्यात माणशी 15 किलो सामान, तेही मऊ बॅगेत. चाकांच्या कडक सुटकेस घेत नाहीत.

मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांच्या त्याच भेटीत विचारा. केनियाचा व्हिसा 2024 पासून गेला, त्याऐवजी ऑनलाइन पूर्वपरवानगी घ्यावी लागते. मुलांचीही वेगळी.

प्रश्न : सफारीला कपडे कोणत्या रंगाचे न्यावेत? दुर्बीण सगळ्यांना एकच पुरेल का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मातकट रंगाचे, पण लष्करी छापाचे अजिबात नकोत, केनियात ते अंगावर घालणं गुन्हा ठरू शकतं. टांझानियात तारांगिरेला किंवा सेरेनगेटीच्या पश्चिमेला जाणार असाल तर गडद निळं आणि काळंही टाळा, त्सेत्से माश्या त्या रंगांवर येतात. मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरच्या वर आहे, पहाटे उघड्या छताच्या गाडीत स्वेटर आणि कानटोपी लागतेच. दुर्बीण दोघांत एक. पाच जणांत एक नेलीत, तर ती तुमच्या हातात येईपर्यंत बिबट्या झाडावरून उतरलेला असेल.