घोडा विकत घेताना लंगडेपणा कसा ओळखावा

तापीकाठच्या सारंगखेडा येथे दरवर्षी दत्तजयंतीच्या सुमारास यात्रा भरते. तेथील घोडेबाजारात अनेक राज्यांतून जनावरे येतात. पूर्वी हे गाव धुळे जिल्ह्यात होते. १९९८ साली नंदुरबार जिल्हा वेगळा झाल्यापासून ते त्या जिल्ह्यात मोडते. धुळे व जळगावकडील गिऱ्हाईक बाजारात घोड्याचा रंग, उंची, भोवरे व नाच बारकाईने पाहतो. परंतु घोडा हाती धरून चालविण्यास क्वचितच सांगतो. लंगडा घोडा पदरी पडल्यास पैसा तर जातोच, शिवाय मुक्या जनावरास दुखऱ्या पायावर राबावे लागते. म्हणून पुढील पाहणी अगत्याने करावी.

जागा व तयारी

जागा सपाट, टणक व तीस-चाळीस पावले लांब असावी. भुसभुशीत काळ्या मातीत किंवा वाळूत टापेचे दुखणे झाकले जाते. घोड्यावर स्वार वा खोगीर नसावे. धरणाऱ्याने घोड्याच्या डाव्या खांद्याजवळून चालावे व दोरी सैल सोडावी. दोरी आखडून धरल्यास मान हलत नाही आणि मुख्य खूणच नाहीशी होते.

प्रथम घोडा सावकाश चालवावा, नंतर संथ दुडकीने न्यावा. पाहणाऱ्याने तो दूर जाताना, जवळ येताना व बाजूने, असा तीन्ही प्रकारे पाहावा. रवाल चालीवर किंवा नाचावर निर्णय करू नये. दोष दुडकीत अधिक स्पष्ट दिसतो.

पुढील पाय

घोड्याच्या शरीराचा निम्म्याहून अधिक भार पुढील पायांवर असतो. दुखरा पाय जमिनीस टेकताच घोडा भार चुकविण्यासाठी मान वर उचलतो व निरोगी पाय टेकताच ती खाली येते. मान वर जाते त्या वेळी टेकलेला पाय दुखरा समजावा. दोन्ही पाय दुखत असल्यास मान फारशी हलत नाही. घोडा केवळ आखूड पावले टाकतो.

मागील पाय

घोडा दूर जात असताना त्याच्या पुठ्ठ्यांकडे पाहावे. ज्या बाजूचा पुठ्ठा दुसऱ्यापेक्षा अधिक वर-खाली होतो, त्या बाजूच्या पायात बहुधा दोष असतो. मागील पाय दुखत असतानाही मान हलू शकते. म्हणून केवळ मानेवरून निर्णय न करता पुठ्ठेही पाहावेत.

पाहणीनंतर

दोष दिसल्यास चारही टापा उचलून खडा, खिळा, भेग, सैल नाल वा दुर्गंधी आहे काय ते पाहावे. टापेस हात लावून एक टाप दुसरीपेक्षा अधिक गरम लागते काय तेही तपासावे. पुढील लंगडेपणाचे कारण पुष्कळदा टापेतच सापडते. उभा घोडा मागील पाय आलटून पालटून सैल सोडतो, हे स्वाभाविक आहे. परंतु पुढील एकच पाय वारंवार पुढे टाकून उभा राहत असल्यास संशय घ्यावा.

वेदनाशामक औषधाने लंगडेपणा काही काळ झाकता येतो. यास्तव शक्य असल्यास घोडा दुसऱ्या दिवशी पुन्हा चालवून पाहावा व व्यवहार ठरण्यापूर्वी पशुवैद्याकडून तपासून घ्यावा. दोरी सैल सोडण्यास किंवा घोडा दुडकीने नेण्यास विक्रेता राजी नसेल, तर तो व्यवहार सोडून देणे इष्ट होय.