पाण्याचा ताळेबंद

संस्थेचा हिशोब म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पौंड नि पेन्स येतात. पदव्युत्तर वर्गात शिकवला जाणारा ‘शाश्वततेचा हिशोब’ मात्र आणखी विचारतो : पाणी, जमीन, हवा किती वापरली, किती उरली आणि त्याचा जाब कोणाला द्यायचा?

याचा उत्तम धडा अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने घालून दिला आहे. गाव कायम दुष्काळी. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. गावाने श्रमदान केलं, पाणी अडवलं, पुढे पाण्याचा ताळेबंद मांडला. जमेला पाऊस, खर्चात आधी माणसं नि जनावरं, मग शेती. दरवर्षी हे आकडे ग्रामसभेपुढे येतात आणि त्यावरून पिकं ठरतात. उसाला, केळीला मनाई. शेतीसाठी बोअरही नाही.

हिशोब नुसता लिहून पाणी टिकलं नसतं. तो सर्वांसमोर मांडला आणि पाळला, म्हणून टिकलं.

एजवेअरमध्ये देणगी देताना आपणही हेच विचारावं. किती जमले ते आम्ही सांगूच. पण त्यातून झालेलं काम पाच वर्षांनी टिकून आहे का, हे आम्हाला जरूर विचारा.