कोरडी विहीर आणि रोजची बादली



मागे एका रविवारी मिस्सानंतर एक ताई दारापाशी थांबल्या. (त्यांना विचारूनच हे लिहितो आहे.) म्हणाल्या, "फादर, रोज संध्याकाळी रोझरी म्हणते, पण मन लागत नाही. ओठ चालू असतात आणि डोक्यात सोयाबीनचा भाव. अशी प्रार्थना बंद केली तर काय बिघडलं?"

मला त्यांचा प्रामाणिकपणा आवडला. आपल्यापैकी बरेच जण हे मनात ठेवतात आणि हळूहळू प्रार्थना सोडून देतात.

आविलाची संत तेरेजा (१५१५-१५८२) हिचेही असेच झाले होते. प्रार्थनेचा तास कधी संपतो, घड्याळाचा टोला कधी पडतो, इकडेच आपले लक्ष असे, आणि हे वर्षानुवर्षे चालले, असे तिने आत्मचरित्रात कबूल केले आहे. याच तेरेजाला १९७० साली पोप सहावे पॉल यांनी ख्रिस्तसभेची आचार्य म्हणून घोषित केले. हा मान मिळालेली ती पहिली स्त्री.

त्याच पुस्तकात ती आत्म्याला बागेची उपमा देते. बागेला पाणी चार प्रकारे मिळते: विहिरीतून बादलीने शेंदून, रहाटाने, ओढ्याच्या पाटाने आणि पावसाने. शेंदण्यात कष्ट आपले, पावसात सगळे देवाचे. वाशिम जिल्ह्यातल्या आपल्या लोकांना हे समजावून सांगायची गरज नाही. इथली बहुतेक शेती पावसाच्याच भरवशावर आहे. पण तेरेजा पुढे विचारते, की विहीरच कोरडी असेल तर? तिचे उत्तर असे: माळ्याने तरीही जावे, बादली सोडावी. बाग मालकाची आहे. त्याला वाटले तर पाण्यावाचूनही तो रोपे जगवील.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्विनास यांचे देवाच्या अस्तित्वाचे पाच मार्ग मी पाठ केले होते. प्रार्थनेविषयी त्यांनी काय लिहिले ते मात्र बऱ्याच उशिरा वाचले, आणि तेच जास्त उपयोगी पडले. ते म्हणतात, देवाकडे वळण्याच्या हेतूने प्रार्थना सुरू केली आणि मन नकळत भरकटले, तर तिचे पुण्य जात नाही. जाणूनबुजून भरकटू दिले, तर तो दोष. तेव्हा भाव आठवला तर तोच प्रभूपुढे ठेवावा आणि पुन्हा मणी धरावा.

मग प्रार्थना फळते आहे हे ओळखायचे कसे? संत पौल गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आत्म्याची फळे सांगतात. प्रीती, शांती, सहनशीलता, सौम्यता, संयम अशी ती यादी आहे. तीत एकाग्रता नाही, डोळ्यांत पाणी येणे नाही. बहुतेक फळे शेजाऱ्याशी वागताना दिसणारी आहेत. पाऊस जास्त झाला की सोयाबीन नुसते माजते, पाहायला हिरवेगार आणि शेंगा थोड्या. प्रार्थनेचेही तसे होऊ शकते.

म्हणून मी ताईंना एवढेच विचारले, "धुऱ्यावरून जाऊबाईंशी अबोला होता ना, त्याचं काय झालं?"

त्या जरा थांबल्या. "मागच्या महिन्यात त्यांना ताप होता. दोन दिवस मीच डबा नेला. पण फादर, त्याचा रोझरीशी काय संबंध?"